मास्तरांच्या सुनेचं सर्टिफिकेट

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा इकडे, तारेपाशी. ते तुरीचं सूप ठेवा खाली, पाखडणं कुठं पळून चाललंय. हळू बोला फक्त, मास्तरीणबाई अंगणातच आहेत.

मास्तरांच्या धाकट्या सुनेला सर्टिफिकेट मिळालं. हो ना, तेच. मोबाइलवर आलं म्हणे. मग तिनं तिवशाला जाऊन रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं आणि बैठकीत लावलं. कुठं, तर तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवाल्या फोटोच्या बरोबर खाली! पाहुणे येतात, चहा घेतात आणि विचारतात, "सूनबाईला कशाचं बक्षीस मिळालं?" आता मास्तरीणबाईंनी काय सांगावं हो? बाळंतिणींना व्यायाम शिकवायचं बक्षीस? परवा तर त्या म्हणाल्या, "ते… ते तिच्या कॉलेजचं आहे काहीतरी." सून आत पोहे परतत होती. तिनं तिथूनच आवाज दिला, "पोस्टनेटल एक्सरसाइज इन्स्ट्रक्टरचं आहे, आई." मास्तरीणबाईंचा चेहरा असा पडला की पाहुण्यांनी दुसरा चहा मागितलाच नाही.

मुळात ती आहे अमरावतीच्या हव्याप्रची. बीपीएड. लग्न ठरलं तेव्हा मास्तर किती मिरवत होते आठवतंय ना, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलगी आणली म्हणून! १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली संस्था, १९३६ ला त्यांची माणसं बर्लिनच्या ऑलिंपिकात जाऊन कबड्डी दाखवून आली, वगैरे वगैरे. प्रत्येक पाहुण्याला बर्लिन. मला तर वाटायचं मास्तर स्वतःच जाऊन आलेत. पण तीच सून लेकरू झाल्यावर व्यायामाचं नाव काढते म्हटल्यावर ते बर्लिन कुठं गेलं कोण जाणे. आपल्याकडे व्यायाम म्हणजे बाप्यांचा, नाहीतर लग्नाआधीच्या पोरींचा. एकदा कूस उजवली की मग झाडू-पोछा, धुणं आणि वावर.

तर काय सांगत होते… हां. तिचं सिझर झालं होतं ना. आजकाल काय, महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरच असतं, सरकारच्याच पाहणीत आलंय. सव्वा महिना झाला, बाजेवरून उठली, आणि एके दिवशी कपडे वाळत घालताना शिंक आली. आणि… समजून घ्या तुम्ही. ती हव्याप्रची मुलगी हो! मैदानाला दहा-दहा चकरा मारणारी. रडत बसली मोरीत. सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, "होतं गं सगळ्यांचं. त्यात काय सांगायचं?"

होतं सगळ्यांचं. हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं बघा. म्हणाली, सगळ्यांचं होतं तर मग कुणी बोलत का नाही? आशाताई येते, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. बाळाचं वजन घेते, ताप बघते, आईलाही विचारते बिचारी, नाही असं नाही. पण बेचाळिसाव्या दिवसानंतर बाळाला लसीसाठी तरी कुणी बोलावतं, बाईचं काय? तिथून पुढं ती आणि तिचं नशीब.

म्हणून तिनं हे कोर्सचं खूळ घेतलं. रात्री लेकरू निजलं की कानात ती वायर घालून बसायची. मास्तरीणबाईंना वाटायचं माहेरी बोलते आहे. मला विचारायला आल्या होत्या, "काहो, तुम्हाला काही बोलली का ती? घरात काही कमी पडतंय का तिला?" मी म्हटलं, मला काय माहीत! (मला माहीत होतं. पण सांगून मजा जाते.)

आणि सोपं नसतं हो ते. आपल्याला वाटतं पैसे भरले की कागद. तसेही मिळतात म्हणे, दोन दिवसांत. व्यायाम शिकवणाऱ्याला काही सरकारी लायसन लागत नाही, उद्या मीसुद्धा पाटी लावू शकते. पण हिनं घेतलेला जरा कडक होता. आधी साधं ट्रेनरचं पाहिजे, ते बीपीएडवर भागलं. मग प्रथमोपचार आणि ते छाती दाबून श्वास द्यायचं, सीपीआर. मग बाईच्या अंगाचा नकाशा: कुठला स्नायू कुठून कुठं, गरोदरपणात सांधे सैल का होतात, सिझरमध्ये कितीक थर कापून शिवतात. त्यावर पेपर. मग खऱ्या बाळंतिणींना शिकवून त्याचं सगळं लिहून पाठवायचं, आणि शिकवतानाचा व्हिडिओ. आता खऱ्या बाळंतिणी कुठून आणणार? पहिली मिळाली तिची स्वतःची नणंद. माहेरी आलीच होती बाळंतपणाला. दुसरी, मागच्या गल्लीतली टेलरची बायको. आणि तिसरी… जाऊ द्या, तिसरीचं नाव नाही घेत, तिच्या नवऱ्याला अजून माहीत नाही.

एवढं करून ती फिजिओथेरपिस्ट झाली का? नाही. हे ती स्वतःच सांगते, मोठ्यानं. "त्या चार वर्षं शिकतात, वर इंटर्नशिप करतात. मी उपचार करत नाही, व्यायाम शिकवते." मास्तरांना हे आवडत नाही. ते म्हणतात, सांगतेस कशाला, लोक तुला डॉक्टर म्हणतात तर म्हणू दे!

आता क्लास कुठं, तर त्यांच्याच ओसरीवर. अकरा वाजता. सकाळचं महाराजांच्या आश्रमातलं ध्यान झालेलं असतं, डबे गेलेले असतात, बाप्ये बाहेर. चटया टाकायच्या, लेकरं मधोमध एका गोधडीवर, एखादं रडलं की ज्या बाईचे हात रिकामे ती उचलते. मी एकदा बसले होते तिथं. म्हणजे सोबत म्हणून हो! आमच्या भाचीसोबत.

मला वाटलं उड्या मारायला लावेल. छे! अर्धा तास नुसतं श्वास घ्या, श्वास सोडा. पाठीवर पडा, गुडघे दुमडा. मग म्हणते, "आता खालून आवळा, लघवी अडवतो तसं, वारा अडवतो तसं. वर ओढा. पाच मोजा. सोडा. सोडणंही शिकायचं." वहिनी, काय हसल्या बाया! एक तर लोळायलाच लागली. ही मात्र गंभीर. म्हणाली, केगल म्हणून अमेरिकेतला डॉक्टर होता, त्यानं १९४८ साली हे लिहून ठेवलंय, यावरून जगभर शिकवतात. तर टेलरची आई, दाराशी बसली होती नातवाला घेऊन, ती म्हणाली, "एका बाप्याले कसं कयलं व माय?" संपलं! पुढची दहा मिनिटं व्यायाम झालाच नाही.

पण ऐका, ती पोट तपासते ना, ते बघण्यासारखं असतं. उताणं झोपवायचं, मान थोडी उचलायला लावायची आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवायची. पोटाचे दोन उभे स्नायू असतात म्हणे, डावा-उजवा. पोटात लेकरू वाढतं तेव्हा ते बाजूला सरतात, मधली पट्टी ताणते, गादीची शिवण उसवावी तशी. बाळंतपणानंतर कुणाचे आपोआप जवळ येतात, कुणाचे राहतात तसेच. दोन बोटांहून जास्त मावली की ती वहीत लिहिते. आणि मग त्या बाईला सिट-अप्स नाही, क्रंचेस नाही, प्लँक नाही. उठायचं तेही कुशीवर वळून, हाताचा टेका देऊन. टेलरची बायको यूट्यूबवर पाहून रोज शंभर वेळा पोट उचलत होती. पोट कमी व्हायचं सोडून मधून टेंगूळ वर यायला लागलं. सुनेनं सांगितलं, बंद कर आजपासून. तिचा चेहरा पाहिला असता तुम्ही! तीन महिन्यांची मेहनत हो बिचारीची.

आता मालिशवाल्या बाईचं काय झालं, ते तर सांगितलंच नाही! आपली हो, जी सगळ्यांना न्हाऊ घालते. ती पेटली. "माह्या हातानं अर्ध्या मोझरीचे लेकरं न्हाले. मले कोन्या कागदाची गरज पडली?" असं भर पाणवठ्यावर म्हणजे नळावर बोलली. म्हणे, सून शेक बंद करते, धुरी बंद करते, पोटाचा पट्टा सोडते, गोडांबीचे लाडू बंद करते. यातलं एकही खरं नाही. लाडवांना तर ती काहीच बोलली नव्हती, दोन मागून घेतले होते. धुरीचं एवढंच म्हणाली की बंद खोलीत लेकराच्या नाकात धूर जाऊ देऊ नका.

पट्ट्याचं मात्र मोठं प्रकरण झालं. मास्तरांकडे वरच्या खोलीत आपल्या आयुर्वेद कॉलेजातली पोरगी भाड्यानं राहते ना, प्रसूतितंत्राचं पुस्तक घेऊन तीही खाली आली. म्हणाली, चरकाचार्यांनीच लिहिलंय, बाळंतिणीचं पोट मोठ्या वस्त्रानं गुंडाळावं, आणि सुश्रुतांनी लिहिलंय, सूतिकेचं पथ्यपाणी दीड महिना. मालिशवाल्या बाईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले! "पाहा! चरक माह्याकडून हाये!" तर सून काय म्हणाली असेल? म्हणाली, बांधा ना काकू, मी कुठं नाही म्हणते. कमरेला आधार मिळतो, बरं वाटतं. पण करकचून नको, सगळा दाब खाली जातो, तिथं आधीच सगळं सैल झालेलं असतं. आणि पट्टा पोटाचं काम करतो तोवर पोट काम शिकत नाही. हळूहळू सोडायचा.

मालिशवाली गप्प. पण गेली नाही हो, बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी म्हणते, "ते बोटं ठेवाचं कसं, थे दाखव मले." आता ती तेल लावायच्या आधी स्वतः बोटं ठेवते आणि घराघरात जाहीर करते, "तुह्यं अडीच बोटं हाये!" अडीच कसं मोजते देव जाणे.

आणि आता मुख्य गोष्ट. यासाठीच तर बोलावलं तुम्हाला. त्या संत्र्याच्या बगीच्यावाल्यांची मुलगी, मोठ्या घरची, गाडीतून आली होती ना मागच्या महिन्यात… तुम्ही पाहिलीच असेल गाडी. सिझर होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. भावाचं लग्न पुढं, ब्लाउज शिवून तयार, पोट कमी करून दे म्हणे. आई सोबत, हातात पर्स. महिन्याचे काय ते दुप्पट घे, घरी येऊन शिकव. ओसरीवरच्या सगळ्या बाया श्वास घ्यायचं विसरल्या. मास्तरीणबाई तर स्वतः खुर्ची पुसून द्यायला धावल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्या सर्टिफिकेटचं काहीतरी वाटलं असेल.

सून पैशाचं काही बोललीच नाही. वही काढली आणि विचारायला लागली. रक्तस्राव किती? ताप? टाक्यांतून पाणी? डोकं दुखतं का? मन कसं आहे, रडू येतं का? पोरीची आई वैतागली, "अहो, व्यायाम शिकायला आलोय, भरती व्हायला नाही." मग पोरगी सहज म्हणाली, उजवी पोटरी दुखते दोन दिवस. हिनं साडी वर करायला लावली. एक पाय सुजलेला, गरम. दुसरा साधा. झालं. वही मिटली. "मी तुम्हाला काही शिकवणार नाही. मालिशही करू नका त्या पायाला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, उद्या नाही."

काय चेहरा झाला हो त्या आईचा! एवढ्या गाडीतून आलेल्या बाईला ओसरीवरून परत पाठवलं. म्हणाली, "शिकवता येत नसेल तर तसं सांग." आणि मास्तरीणबाई? त्यांनी तर कपाळालाच हात लावला. संध्याकाळी प्रार्थनेला जाताना मला म्हणाल्या, "आलेली लक्ष्मी घालवली हो पोरीनं. सर्टिफिकेट काय नाही म्हणायचं मिळालं का हिला?"

रात्री नऊला फोन आला. अमरावतीहून. डॉपलर केली, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. सुया सुरू केल्या. बाळंतपणानंतर दीड महिना तो धोका जास्तच असतो म्हणे, सिझरवालीला आणखी. ती गुठळी सरकून फुप्फुसात गेली असती तर… नको तो विषय. पोरगी बरी आहे, लग्नाला खुर्चीवर बसून होती, ब्लाउज दुसरं शिवलं.

आता मला सांगा, त्या कोर्सात एवढे व्यायाम शिकवले असतील, पण कामाला काय आलं? कुणाला शिकवायचं नाही, ते. मला तर हेच पटलं बाई. हिमोग्लोबिनचा कागद दाखवल्याशिवाय ती चटईवर बसू देत नाही, त्यावरूनही बाया नाक मुरडत होत्या. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी, महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांवर आहे. चक्कर येऊन पडली कुणी तर? नॉर्मल बाळंतपण असेल तर श्वासाचं आणि आवळायचं दोन-चार दिवसांत सुरू करू देते, चालणं हळूहळू. बाकीचं मात्र सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर, आणि सिझरवालीला डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल हवी, तर ती म्हणते तिथवर पोचायचं, तिथून सुरू नाही करायचं.

पण सगळ्यांना नाही पटलं हं. टेलरची आईच घ्या. म्हणे, "आमी तं बाराव्या दिवशी कापूस येचाले गेलतो. आमाले कोनं शिकवला व्यायाम? सात लेकरं झाले माह्ये." सून म्हणाली, आणि आजी, त्यानंतर काही त्रास? आजी म्हणाली, "काई नाई." मग जरा थांबली. आजूबाजूला पाहिलं. मी खाली मान घालून शेंगा सोलत होते, मला ऐकू येत नाही असं दाखवत. आजी म्हणाली, "अंग बाहेर येते. तीस वर्षं झाली." इतक्या हळू, वहिनी. तीस वर्षं! ओझं उचललं की हातानं आत ढकलायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. आणि आपण म्हणायचो ही म्हातारी महाराजांच्या पुण्यतिथीच्या मौनाला मंडपात का येत नाही. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध, पान हललं तरी ऐकू येतं. तिला भीती वाटायची खोकला आला तर काय. भक्ती कमी म्हणून नावं ठेवली हो आपण तिला. मी नाही, तुम्ही सगळ्यांनी.

तिलाही चटईवर नाही बसवलं. आधी डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, सोबत स्वतः गेली एसटीनं. त्यांनी रबराची कडी बसवून दिली आतून आधाराला, ऑपरेशन हवं का ते पुढं बघू म्हणाल्या, आणि खालचे आवळायचे व्यायाम करायला हरकत नाही असं लिहून दिलं. आता गुरुवारी आजी येते. एकटी नाही. अजून चार-पाच जणी, सगळ्या सासवा. सुनांच्या वेळेला नाही येत, सुनांच्या नंतर, बाराला. दार लोटून घेतात. बाहेरून विचारलं तर सांगतात ग्रामगीतेचं वाचन चाललंय. आणि खोटं तरी कसं म्हणायचं, ग्रामगीतेत महाराजांनी ग्राम-आरोग्यावर अध्याय लिहिलाय आणि महिलोन्नतीवर वेगळा. पुस्तक मधोमध उघडं ठेवलेलं असतं. मास्तर एकदा मध्येच आले, कोणता अध्याय म्हणाले, तर आजी पडल्यापडल्या म्हणाली, "चौदावा!" मास्तर हात जोडून परत गेले.

मास्तरीणबाई? त्या पण असतात हो. कोपऱ्यातली चटई. दाराकडे पाठ करून. सुनेनं आधी विचारलंच नाही काही, नुसती चटई टाकून ठेवली. "होतं गं सगळ्यांचं" म्हणाल्या होत्या ना, तेव्हा स्वतःचंच सांगत होत्या.

फी विचारताय? सुनांना महिन्याची ठरलेली, सासवांना नाही. त्यावरून टेलरच्या घरी वाद झाला, सून म्हणते आम्ही काय पाप केलं. आणि दोन वर्षांनी तो कागद पुन्हा नवा करून घ्यावा लागतो, पुन्हा अभ्यास, पुन्हा पैसे. मास्तर म्हणाले मी भरतो. बैठकीत आलेल्या माणसाला आता पहिलं सर्टिफिकेट दाखवतात, बर्लिन दुसऱ्या नंबरवर गेलं.

तुमच्या सुनेला कितवा चालू आहे हो? सातवा ना? मग काढून ठेवा हिमोग्लोबिनचा कागद. आणि ऐका, बुधवारी यावलीहून दोघी येणार आहेत पहिल्यांदा, त्यातली एक तुमच्या जावेची सख्खी बहीण. ती इथं कशाला येते विचारलं तर मी काही बोलले नाही हं तुम्हाला… अगं बाई, मास्तरीणबाई इकडेच येताहेत. घ्या ते सूप हातात, तुरीचं बोला.